नीरेचा पेला आणि कमलाबाई

मैत्रिणींनो, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं की आपण काय करतो? मेडिकलवरून अँटिबायोटिकची गोळी आणतो, दोन दिवस घेतो नि विसरून जातो. पण ‘क’ जीवनसत्त्व कमी पडल्यानं रक्त येत असेल, तर ती गोळी काय करणार? ती उणीव ताटातूनच भरावी लागते. गरिबाच्या ताटाचा असा विचार प्रयोगशाळेत बसून करणारी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर १९३३ मध्ये कमलाबाईंनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. केवळ मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. पण कमलाबाई रडत घरी परतल्या नाहीत, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अखेर वर्षभर काम पाहू, मगच ठरवू, अशा अटीवर आत घेतलं. अपमान मनाला लागला, तरी कामात कसूर नाही. पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला, तो त्यांच्यामुळेच.

केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. तिथे राहता आलं असतं, पण त्या मायदेशी परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा ताजा, न आंबलेला रस. त्यात ‘क’ आणि ‘अ’ जीवनसत्त्व नि लोह असल्याचं त्यांनी दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांना ती दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आपल्या अर्धापूरकडे केळीचं कौतुक फार, ते असावंच. पण ‘क’ जीवनसत्त्वासाठी पेरू, आवळा, लिंबूही हवं. आणि हो, लिंबू वरण उकळताना नको, ताटात वाढल्यावर पिळा. उष्णतेनं ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होतं. तरीही हिरड्यांचं रक्त थांबलं नाही, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. मनानं गोळी मात्र घेऊ नका.