मातृऋणाचा मनोरा : शेठ प्रेमचंद रायचंद

वेंगुर्ल्याहून मुंबईस जाणारा प्रवासी फोर्ट विभागात फिरता फिरता ओव्हल मैदानापाशी आला की, त्याची दृष्टी आपोआप वर जाते. सुमारे 280 फूट उंचीचा, गॉथिक शैलीतील राजाबाई टॉवर समोर उभा असतो. घड्याळाचे ठोके कानी पडतात. परंतु ही राजाबाई कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राजाबाई या दानशूर शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री होत.

प्रेमचंदांचा जन्म 1831 साली सुरत येथील जैन कुटुंबात झाला. मुंबईत येऊन त्यांनी दलालीच्या व्यवसायात पदार्पण केले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे दलाल त्या काळी विरळाच होते. तल्लख स्मरणशक्ती आणि धाडस यांच्या बळावर ते लवकरच अग्रस्थानी पोहोचले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत संपत्तीचा पूर लोटला. याच भरभराटीच्या काळात, 1864 साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्रींच्या नावे मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लाख रुपये अर्पण केले.

1865 मध्ये युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, समभागांचे कागद कवडीमोल झाले आणि असंख्य कुटुंबे देशोधडीस लागली. प्रेमचंदांचे वैभवही लयास गेले. त्या सट्ट्यातील त्यांच्या सहभागावर कठोर टीका झाली, आणि ती अकारण नव्हती. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. पुन्हा दलालीस आरंभ करून त्यांनी आपले स्थान मिळविले. 1906 साली त्यांचे निधन झाले.

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लंडमधील वास्तुविशारदाने आराखडा केलेल्या या मनोऱ्याचे काम 1869 मध्ये सुरू होऊन 1878 मध्ये पूर्णत्वास गेले. राजाबाईंची दृष्टी गेली होती; सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा त्यांचा नियम घंटानादामुळे पाळला जावा, हा पुत्राचा हेतू होता, अशी आख्यायिका आहे. पश्चिम भारतातील विविध समाजांचे दर्शन घडविणारे 24 पुतळे मनोऱ्यावर आहेत. 2018 साली युनेस्कोने मुंबईच्या ज्या वास्तुसमूहास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हा मनोराही आहे.

दर्शकाने येथे क्षणभर थांबून विचार करावा. प्रेमचंदांनी जे जे साठविले, त्यातील बरेचसे एका वर्षात नाहीसे झाले. जे देऊन टाकले, तेवढे मात्र आजही उभे आहे. मनोऱ्याखालच्या ग्रंथालयात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ज्ञानार्जन करीत आले आहेत. परिग्रहाची क्षणभंगुरता आणि दानाचे चिरंतनत्व यांचा याहून बोलका दाखला विरळाच.