शिकारी राजा आणि फासेपारधी

माळावरून एक गाडी संथ गतीने चालली आहे. गाडीत दोराने बांधलेला, डोळ्यांवर कातडी झापड घातलेला चित्ता शांत बसला आहे. समोर काळविटांचा कळप चरतो आहे. गाडीबैलांची सवय झालेली ती जनावरे एकदा मान वर करून पाहतात आणि पुन्हा चरू लागतात. पायी येणाऱ्या माणसाला त्यांनी एवढ्या जवळ फिरकू दिले नसते. अंतर पुरेसे कमी झाले की चित्तेवान झापड दूर करतो, दोर सोडतो आणि चित्ता जमिनीला अंग चिकटवून पुढे सरकू लागतो. मग काही क्षणांचाच खेळ. कळप उधळतो, चित्ता एक काळवीट हेरून त्याच्या मागे लागतो, पंजाच्या फटक्याने त्याला खाली पाडतो आणि त्याचा गळा आवळून धरतो. काही शे पावलांत सावज हाती लागले नाही, तर धापा टाकत तो तिथेच बसून राहतो. त्यानंतर राजाची आज्ञाही त्याला उठवू शकत नाही.

शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूर संस्थानात अशी शिकार पाहायला मिळे आणि ती पाहणाऱ्यांत सर्वांत रसिक होते खुद्द राजर्षी शाहू छत्रपती. शाहू महाराज म्हटले की आरक्षण, वेदोक्ताचा वाद, वसतिगृहे आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण आठवते. रानात रमणारा, घोड्यावर मांड ठोकून रानडुकराच्या मागे भाला घेऊन धावणारा हा राजा मात्र काहीसा विस्मृतीत गेला आहे. तरीही त्यांच्या आयुष्यातील हे शिकारीचे पान समाजकारणाच्या पानाला अगदी चिकटलेले आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या यशवंतरावांच्या डोक्यावरून आईचे छत्र तिसऱ्या वर्षीच हरपले. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि दोन वर्षांतच वडील जयसिंगराव निवर्तले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला फ्रेजर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. राजकोटला जोडलेला भावनगरच्या भावसिंहजींचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. या दोघांच्याही संस्थानांची नावे पुढे चित्त्यांच्या शिकारीशी कायमची जोडली गेली. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती आला, तेव्हा महाराज अवघे एकोणीस वर्षांचे होते. धिप्पाड देह, कुस्तीची आवड आणि रानावनाची ओढ हे त्यांचे विशेष तेव्हापासूनच लोकांच्या नजरेत भरले.

कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीचे घनदाट जंगल होते. तिथल्या दाजीपूरच्या राखीव शिकारक्षेत्रात गव्यांचे कळप नांदत. चित्त्याचे काम मात्र मोकळ्या माळाचे. झाडाझुडपांत त्याच्या वेगाचा काहीच उपयोग नाही. शिवाय या शिकारीची एक मोठी अडचण होती. पिंजऱ्यात चित्त्याची पैदास जवळपास होतच नसे. बंदिवासात पिल्ले झाल्याची जुन्या काळातील एकच ठळक नोंद आहे, ती जहांगीर बादशहाच्या दरबारातली. बरे, लहानपणी पकडलेले पिल्लू वाढवले तरी त्याला शिकार साधत नसे, कारण ही विद्या ते आईकडूनच शिकते. त्यामुळे रानात वाढलेला, शिकारीत तरबेज झालेला चित्ताच पकडून आणावा लागे. शतकानुशतके हेच चालल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी देशात चित्ते दुर्मीळ झाले आणि कोल्हापूर व भावनगरसारख्या संस्थानांना ते थेट आफ्रिकेतून मागवावे लागले.

मग आपल्याकडचा रानटी चित्ता पूर्वी पकडत तरी कोण? त्या कलेत निष्णात होते पारधी. चित्ते ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांना पिढीजात अनुभवाने ठाऊक होते. त्या झाडाभोवती तात किंवा कातडी वादीचे फास मांडले जात आणि चित्त्याचा पाय त्यांत अडके. फासेपारधी हे नावच या फासांवरून पडले. वऱ्हाडातील यवतमाळ, अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या माळांपासून दख्खनच्या पठारापर्यंत ही जमात विखुरलेली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तर चित्ता बाळगून शिकार करणाऱ्या पारध्यांची चित्तावाले अशी वेगळी ओळखही होती. राजेरजवाड्यांची करमणूक ज्या ज्ञानावर उभी होती, ते या भटक्या माणसांकडे होते.

इंग्रजी अमलाने मात्र त्यांच्या माथी वेगळाच शिक्का मारला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. जन्माला आलेले मूलही गुन्हेगार ठरू लागले. रोज चावडीवर हजेरी द्यायची आणि गाव सोडायचे तर परवानगी घ्यायची, असा जाच सुरू झाला. जंगलांवर सरकारी निर्बंध आले, शिकारीवर जगणे कठीण झाले आणि पोटासाठी केलेल्या चोरीने मूळचा संशय आणखी घट्ट झाला.

शाहू महाराजांनी या माणसांकडे संशयाच्या नजरेने पाहिले नाही. चोऱ्या करणाऱ्या फासेपारध्यांना त्यांनी जवळ केले, सोनतळीच्या परिसरात राहायला जागा दिली, बांधकामांवर मजुरी दिली आणि त्यांतल्या काहींना चक्क पहाऱ्याच्या कामावर नेमले. ज्यांच्यापासून गावाने रखवाली करायची, त्यांच्याच हाती रखवाली सोपवणे हा त्या काळी धाडसाचा निर्णय होता. उपाशी माणसाला काम आणि विश्वास मिळाला की तो चोरी सोडतो, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

१९१८ हे साल महाराजांच्या आयुष्यात फार कठोर ठरले. जून महिन्यात त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणीस. ज्या छंदाने महाराजांना आयुष्यभर आनंद दिला, त्यानेच घरातला मुलगा नेला. वर्षभरापूर्वीच सून म्हणून आलेल्या बालवयातील इंदुमतीदेवी विधवा झाल्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांना पडद्याआड कोंडून ठेवण्याऐवजी महाराजांनी सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. राजघराण्यातून झालेल्या विरोधाला त्यांनी जुमानले नाही.

याच वर्षी संस्थानातली हजेरीची पद्धत रद्द झाली आणि महार वतनेही खालसा करून रयतावा करण्यात आली. पुत्रवियोगाने खचलेला राजा कारभारात मात्र मागे हटला नाही. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला बहिष्कृतांच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. विदर्भाच्या भूमीवरून उमटलेला तो आवाज दूरवर पोहोचला. दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांच्यानंतर राजाराम महाराजांच्या काळातही कोल्हापुरात चित्त्यांची शिकार होत राहिली. रानातला भारतीय चित्ता मात्र संपत आला होता. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारले गेलेले तीन चित्ते हे देशातले अखेरचे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदाही रद्द झाला. दाजीपूरचे शिकारक्षेत्र १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. २०२२ मध्ये नामिबियाहून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला देशाचे पंतप्रधान हजर होते. यवतमाळ, अमरावतीच्या पारधी बेड्यांवर मात्र चोरी झाली की आजही पहिला संशय तिथल्याच माणसांवर जातो. कोल्हापूरच्या शिकारी राजाने त्यांच्या हाती सोपवलेला पहारा त्यांना परत मिळायचा आहे.