फादर थॉमस स्टीफन्स यांची भाषासाधना

आपल्या लेखणीने दुसऱ्याचे मन वळावे अशी इच्छा असेल, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र अवश्य अभ्यासा. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली लिस्बनहून सहा महिन्यांहून अधिक काळ सागरप्रवास करून गोव्यास पोहोचले. सासष्टीत लोकांमध्ये राहून त्यांनी कोकणी व मराठी आत्मसात केल्या. येथील भाषांचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्य त्यांनी १५८३ सालीच भावास पत्राने कळविले.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हातची गेली होती. श्रवणाची तहान मात्र उरली होती. ती ओळखून स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. लिपी रोमन, परंतु छंद ओवीचा, आणि शंका विचारणारा श्रोता येथलाच ब्राह्मण. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओठीचा शब्दही त्यांनी स्वीकारला. गोव्यातील आगमनापासून ग्रंथ छापला जाईपर्यंत ३७ वर्षे लोटली होती.

भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती नाना प्रांतांची, नाना भाषांची कुटुंबे वसली आहेत. अशा वस्तीत राहणाऱ्या वाचकांनो, शेजाऱ्याला काही पटवून देण्यासाठी लेखणी उचलण्यापूर्वी त्याची बोली शिका आणि त्याचे प्रश्न त्याच्याच तोंडून ऐका.