दोन लाख लावण्या रचल्याचा दावा करणारे पठ्ठे बापूराव पुण्यात कंगाल अवस्थेत का वारले?

लावणी म्हटलं की पठ्ठे बापूराव हे नाव येतंच. पण हे त्यांचं खरं नाव नव्हतं. खरं नाव श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी. जन्म 11 नोव्हेंबर 1866 चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावचा.

घर ब्राह्मणाचं, गावचं कुलकर्णीपद वतनाचं. म्हणजे दप्तर सांभाळलं असतं तरी दोन वेळची ददात नव्हती. पण पोराला नाद लागला तमाशाचा. त्या काळी तमाशा म्हणजे महार-मांग समाजातल्या कलावंतांची कला. ब्राह्मणाच्या मुलाने ढोलकीच्या तालावर उभं राहायचं म्हणजे घरादाराशी, जातीशी संबंध तोडणं. बापूरावांनी तेच केलं. वतन सोडलं आणि फड उभा केला.

आता प्रश्न होता पोटाचा. पेशवाईत शाहिरांना दरबारचा आश्रय मिळायचा. 1818 साली पेशवाई बुडाली आणि तो आधारही गेला. मग उरल्या गावच्या जत्रा, त्यांची सुपारी आणि दौलतजादा. दौलतजादा म्हणजे लावणी आवडली की प्रेक्षकाने उधळलेले पैसे. पुढे मुंबईत गिरणी कामगारांची वस्ती वाढली आणि घाटावरून आलेल्या या माणसांनी तिकीट काढून तमाशा बघायला सुरुवात केली. फडांना नवा बाजार मिळाला.

या बाजारात बापूरावांना साथ मिळाली पवळाची. ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली. तमाशात पूर्वी बायकांची कामं पुरुष करायचे, त्यांना नाच्या म्हणत. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाचंच नाव घेतलं जातं. बापूरावांचे शब्द आणि पवळाची अदा, या जोडीने मुंबई गाजवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांसमोर त्यांचा ‘मिठाराणी’चा वग झाला. सनातन्यांना मात्र ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी ही जोडी पचली नाही.

पैसा आला, तसाच गेला. फड म्हणजे एकट्याचा संसार नसतो. ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, सोंगाड्या, झीलकरी, सगळ्यांची पोटं त्यावर असतात. पावसाळ्यात खेळ बंद, पण माणसं तर जगवावीच लागतात. त्यातून होते उचल, आणि ती फिटता फिटत नाही. शिवाय एकदा लोकांच्या तोंडी बसलेली लावणी कुणीही गावी, रचणाऱ्याच्या हातात त्याचं काही पडत नसे.

पुढे पवळाशी बिनसलं आणि फडाला उतरती कळा लागली. पवळा 1939 साली गेली. बापूरावांचे शेवटचे दिवस पुण्यात हलाखीत गेले. 22 डिसेंबर 1945 रोजी त्यांचं निधन झालं.

गंमत बघा, त्यानंतर पाचच वर्षांनी, 1950 मध्ये, त्यांच्या नावाचा चित्रपट आला. लोकांनी पुन्हा तिकीट काढलं. त्यांच्या लावण्या आजही बोर्डावर गायल्या जातात आणि दादही मिळते. फक्त वतन सोडून हे सगळं मागे ठेवणाऱ्या माणसाला म्हातारपणी त्यातलं काहीच मिळालं नाही.