जबलपूरच्या पावसातला खेळ

नेव्हिल चेंबरलेन म्हटले की आठवतो तो म्युनिक करारवाला ब्रिटिश पंतप्रधान. मला सांगायचे आहे ते त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाविषयी. हा लष्करातला. १८५६ साली जन्मला, अफगाण युद्धात लढला, पुढे सोळा वर्षे आयर्लंडच्या पोलीसदलाचा प्रमुख होता आणि १९१६ मध्ये डब्लिनच्या उठावानंतर पायउतार झाला. ही सारी कर्तबगारी आज कुणाच्या गावीही नाही. उरला आहे तो विशीच्या आत असताना त्याने काढलेला एक खेळ.

१८७५ चा पावसाळा. चेंबरलेनची पलटण जबलपूरला होती. बाहेर मुसळधार पाऊस आणि आत मेसमध्ये बिलियर्ड्सचे टेबल. बिलियर्ड्स मूळचा युरोपातल्या हिरवळीवरचा खेळ. तो घरात आला आणि गवताची आठवण म्हणून टेबलावर हिरवे कापड राहिले, असे मानतात. फ्रेंचांचा प्रकार बिनखिशांच्या टेबलावरचा; इंग्रजांच्या टेबलाला सहा खिसे. चेंडू मात्र दोन्हीकडे तीनच, आणि खेळ मुख्यतः दोघांचा. मेसमध्ये तर डझनभर तरुण रिकामे बसलेले. म्हणून त्यांच्यात पैजेचे प्रकार चालत. ‘पिरॅमिड्स’मध्ये पंधरा लाल चेंडू. ‘लाइफ पूल’मध्ये प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या रंगाचा, आणि तो खिशात गेला की एक प्राण गेला. ‘ब्लॅक पूल’मध्ये त्यात काळ्याची भर. चेंबरलेनने या साऱ्यांची मोट बांधली. आणखी एक रंगीत चेंडू ठेवून पाहिला, तो जमला, मग हळूहळू बाकीचे रंग आले.

नाव पडले तेही गमतीने. वुलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कच्च्या पोरांना ‘स्नूकर’ म्हणत, असे एका पाहुण्या अधिकाऱ्याने सांगितले होते. कुणाचा तरी सोपा फटका हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तीच शिवी हासडली. तो रागावू नये म्हणून लगेच सारवासारवही केली, की या नव्या खेळात आपण सगळेच स्नूकर. ते नाव खेळालाच चिकटले.

पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले. १८८५ साली नामवंत बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स कलकत्त्याला आला, तेव्हा चेंबरलेनने त्याला खेळ समजावून दिला आणि तो विलायतेला पोचला. १९२७ साली त्याची पहिली जागतिक स्पर्धा जो डेव्हिसने जिंकली. जनकाची आठवण मात्र कुणाला नव्हती.

१९३८ मध्ये हा खेळ वुलविचला जन्मल्याचे छापून आले, तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या चेंबरलेनने ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपला हक्क सांगितला. बँकेत हयात काढल्यामुळे मी अशा दाव्यात आधी कागद शोधतो. त्रेसष्ट वर्षांनी केलेला दावा कोण मानणार? पण त्याच्या हातच्या नियमांचा तो उटीचा कागद पाहिलेले जुने सहकारी अजून हयात होते. त्यांनी साक्ष दिली आणि लेखक कॉम्प्टन मॅकेन्झीने बाजू उचलून धरली. १९४४ साली चेंबरलेन वारला तो दावा मान्य झालेला पाहून.

या खेळाचे त्याने ना पेटंट घेतले, ना त्यातून पैसा केला. म्हातारपणी त्याला हवी होती ती फक्त नोंद. मला त्याचे हे मागणे फार रास्त वाटते. माणसाच्या हातून काय टिकेल हे त्याच्या हुद्द्यावरून ठरत नाही. पण जे टिकले त्यावर आपले नाव असावे, एवढे तरी त्याने मागावेच.