दहापैकी चार

गेल्या जूनमध्ये मी विद्यार्थ्यांच्या एका निवड समितीत होते. संघप्रमुख निवडायचा होता. कागदावर रकाने होते: कामाचा अनुभव, हजेरी आणि शेवटी नेतृत्वगुण. एका मुलाला पहिल्या दोन्हींत मी भरभरून गुण दिले. नेतृत्वाला दहापैकी चार दिले. का, ते तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आज विचारलं तर मी अडखळेन. तो अडखळत बोलत नव्हता, कामात कमी नव्हता. त्याचं बोलणं आमच्यासारखं नव्हतं, एवढंच.

हे आठवायचं कारण म्हणजे आपल्याच गावात जन्मलेला एक माणूस. धारवाड म्हटलं की आपल्याला बेंद्रे आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात, पेढा तर आठवतोच. पण भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू हेही इथलेच, हे मला तीन वर्षं इथं राहूनसुद्धा माहीत नव्हतं.

कुटुंब मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. वडील लष्कराच्या नोकरीत. धारवाडहून घर पुण्याला गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्लबात, खेळपट्टी झाडण्याची, पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, रेघा मारायच्या. एका साहेबानं त्यांना सरावाला गोलंदाजी करायला लावलं आणि त्या डावऱ्या हाताची जादू सगळ्यांना कळली. ग्रेग नावाचा तिथला नामवंत फलंदाज तर इतरांच्या आधी तासभर येऊन फक्त बाळूंसमोर सराव करायचा. बाळूंच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचं काम.

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून बरीच वादावादी होऊन बाळूंना संघात घेतलं गेलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १८९६मध्ये प्लेग आला, त्यानंतर ते मुंबईला गेले. १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे ८ बळी होते. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ वारंवार हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले.

एवढं सगळं वहीत लिहिलेलं होतं. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना एकदाही मिळालं नाही. १९१३मध्ये कप्तान झालेल्या म. दा. पै यांनी तर जाहीरपणे सांगितलं की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. १९२०मध्ये पै आजारी पडले तेव्हा दि. ब. देवधरांना नेमलं गेलं आणि बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ जाहीर निषेध करून बाजूला झाले. अखेर अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकप्तान करून परत बोलावलं. पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरता संघ बाळूंच्या हाती आला. १९२३मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघ जिंकला. पुढे विठ्ठलरावांनी मराठीत ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहिलं.

हीच गोष्ट अमेरिकेत पाहा. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९२१ साली फ्रिट्झ पोलार्ड हा काळा प्रशिक्षक होता. त्यानंतरचा काळा मुख्य प्रशिक्षक त्या लीगला १९८९मध्ये मिळाला, म्हणजे ६८ वर्षांनी. मधल्या काळात काळे खेळाडू भरपूर होते. तरुण खेळाडूंची बुद्धी मोजायला वाँडरलिक नावाची चाचणी असे, १२ मिनिटांत ५० प्रश्न. ती २०२२मध्ये बंद झाली. प्रशिक्षक मात्र मालक मुलाखत घेऊन निवडतात. शेवटी २००३मध्ये नियम करावा लागला की निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराला मुलाखतीला तरी बोलवा. तरी २०२२मध्ये एका काळ्या प्रशिक्षकानं लीगला कोर्टात खेचलंच.

धावा आणि बळी मोजता येतात, तिथं बाळूंना कोणी अडवू शकलं नाही. कप्तान कोण शोभेल हे मात्र आत चहा पिणारे लोक ठरवत होते आणि त्यांना आपल्यासारखाच माणूस शोभत होता. आता मला वाटतं, एखादी चाचणी आणली की हे सुटेल असं नाही, कारण तिचे प्रश्नही कोणीतरी आतलाच काढतो. पण निदान निर्णयाचं कारण कागदावर लिहायची सक्ती हवी. पैंनी कारण मोठ्यानं सांगितलं, भावांनीही सांगितलं, म्हणूनच १९२३ आलं.

बाळू पुढे राजकारणातही आले. १९३७मध्ये ते मुंबईत काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५मध्ये मुंबईत वारले. तोवर देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं, घटनेनं अस्पृश्यता रद्द केली होती.

यंदा पुन्हा निवड आहे, पुन्हा तेच रकाने आहेत. नेतृत्वगुणांपुढे दोन ओळी रिकाम्या ठेवा, गुण देणाऱ्यानं तिथं कारण लिहावं, असं मी समितीला सुचवलंय. आणि गेल्या वर्षीच्या त्या मुलाला भेटायला जायचंय. चार गुण मी दिले होते, हे त्याला सांगायचंय.