शिट्टीचा बाप

गरिबाच्या ताटात पोटभर सूप पडावं म्हणून त्यानं वाफेला भांड्यात कोंडलं, आणि भांडं फुटू नये म्हणून तिला वेळेवर बाहेर पडायची वाटही करून दिली. डेनिस पापिनची ही गोष्ट.

कुकरच्या झाकणावरची शिट्टी काढून एकदा नीट बघा. धातूचं एक छोटंसं वजन, बास. पण ते नसतं तर कुकर म्हणजे गॅसवर ठेवलेला बॉम्बच. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाफ हे वजन उचलते, फुस्स करून बाहेर पडते आणि भांडं वाचतं. ही आयडिया केवढी जुनी असेल? इकडे रायगडावर शिवाजी महाराज राज्य करत होते, तेव्हाची! १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत एका फ्रेंच डॉक्टरनं घट्ट झाकणाचं एक विचित्र भांडं आणून दाखवलं. तिशी नुकतीच ओलांडलेला हा डॉक्टर म्हणजे डेनिस पापिन. (फ्रेंच उच्चार साधारण दनी पापँ.)

पापिनचा जन्म २२ ऑगस्ट १६४७ चा, फ्रान्समधल्या ब्लुआ शहराजवळचा. घर प्रोटेस्टंट पंथाचं. फ्रान्समध्ये या लोकांना ह्युगनॉट म्हणत. बहुसंख्य कॅथलिक देशात ते अल्पसंख्याक होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनंच त्याचं आयुष्य फिरवलं. पापिननं आँजे इथं मेडिकलचं शिक्षण घेतलं, १६६९ मध्ये डिग्रीही मिळवली. पण दवाखाना थाटून नाड्या तपासत बसण्यात त्याचा जीव रमेना. तो पॅरिसला गेला आणि क्रिस्तियान हायगेन्सचा मदतनीस झाला. हायगेन्स म्हणजे शनीची कडी ओळखणारा, लंबकाचं घड्याळ बनवणारा त्या काळातला सुपरस्टार शास्त्रज्ञ. दोघं मिळून हवेच्या पंपावर, निर्वात पोकळीवर प्रयोग करत. बंदुकीच्या दारूचा स्फोट करून दट्ट्या हलवायचा, असं एक यंत्रही त्यांनी करून पाहिलं. म्हणजे हवा, दाब आणि दट्ट्या ही तिन्ही खेळणी पापिनच्या हातात तेव्हाच आली होती.

१६७५ मध्ये तो लंडनला गेला. तिथं रॉबर्ट बॉइलबरोबर काम मिळालं. हो, तोच तो, पाठ्यपुस्तकातल्या बॉइलच्या नियमाचा. आणि तिथंच पापिनच्या डोक्यात स्वयंपाकघर शिरलं.

त्या काळच्या युरोपात गरिबाच्या चुलीवर काय असायचं? वाळलेले वाटाणे, थोडे कंद आणि मिळालंच तर एखादं हाड. सगळं पातेल्यात टाकायचं आणि शिजवत बसायचं. डाळीसारखे फुटलेले वाटाणे मऊ होऊन दाट सूप व्हायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ जळण जाळावं लागे. हाडांचं तर विचारूच नका. त्यांच्यात पौष्टिक ऐवज आहे हे लोकांना ठाऊक होतं, पण साध्या उकळीनं तो पुरता बाहेर येत नसे. कारण सोपं आहे. उघड्या भांड्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतं. मग खाली कितीही जाळ करा, पाणी त्याहून गरम होत नाही. जास्तीची उष्णता वाफेबरोबर उडून जाते.

पापिननं वाफेला उडूच दिलं नाही. जाड धातूचं भांडं, त्यावर स्क्रूनं आवळलेलं झाकण. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि अन्न भराभर शिजतं. आपल्या घरातला कुकर साधारण १२० अंशांपर्यंत जातो, तो याच हिशेबानं. पापिनच्या भांड्यात हाडं इतकी मऊ होत की बोटानं चुरडावीत. त्यानं या भांड्याला नाव दिलं डायजेस्टर, म्हणजे पचवणारं.

पण कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते. म्हणून त्यानं झाकणाला एक बारीक भोक ठेवलं, त्यावर बूच बसवलं आणि बूच दाबून धरायला वजन टांगलेली एक तरफ लावली. वजन पुढे-मागे सरकवलं की किती दाबाला वाफ सुटणार, ते ठरवता यायचं. जगातला हा पहिला सेफ्टी व्हॉल्व्ह मानला जातो. आत किती तापलंय हे कळायला तेव्हा धड थर्मामीटर नव्हता. मग पठ्ठ्यानं काय करावं? झाकणावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो किती सेकंदात उडून जातो, ते लंबकाच्या झोक्यांवर मोजायचं!

ही काळजी उगाच नव्हती. आजही कुकरमध्ये वाटाण्याच्या डाळीचं सूप लावलंत तर भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. या डाळीला फेस येतो, तो वर चढून वाफेची वाट बुजवू शकतो. वाट बुजली की शिट्टी असून नसल्यासारखी. तर, अर्धंच भांडं, बेताची आच आणि दाब पूर्ण उतरेपर्यंत झाकणाला हात नाही. एवढं पाळलं की तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं.

१६८१ मध्ये पापिननं डायजेस्टरवर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव लांबलचक आहे. स्वयंपाक, समुद्रप्रवास, मिठाई, पेयं, रसायनं, कपडे रंगवणं असे उपयोग त्यानं शीर्षकातच सांगून टाकले. शिवाय मोठ्या यंत्राला खर्च किती आणि त्यातून फायदा किती, हेही पुस्तकात आहे म्हणून तिथंच जाहीर केलं. आजच्या भाषेत हे चक्क स्टार्टअपचं पिच डेक होतं. एप्रिल १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या काही सदस्यांनी या भांड्यांत शिजवलेलं जेवण जेवून पाहिलं. जॉन एव्हलिननं आपल्या डायरीत त्याची नोंद केली आहे. मांसाची हाडं चीजसारखी मऊ झाली होती, माशाचे काटेही खाता येत होते, आणि कोळसा लागला होता पाव किलोहूनही कमी. मंडळी खूश झाली. पण ज्या गरिबांसाठी हे सगळं केलं, त्यांच्या चुलीपर्यंत ते भांडं काही पोचलं नाही.

पापिन काही काळ व्हेनिसला राहून १६८४ मध्ये लंडनला परतला. सोसायटीनं त्याला प्रयोग करून दाखवायचं तात्पुरतं काम दिलं, पगार वर्षाला ३० पौंड. पुढच्याच वर्षी, १६८५ मध्ये, फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. लाखो ह्युगनॉट देशोधडीला लागले. पापिन आधीच बाहेर होता, आता त्याचे परतीचे दोरच कापले गेले. १६८७ मध्ये जर्मनीतल्या हेसे-कासेल संस्थानाच्या कार्ल या शासकानं त्याला मारबुर्ग विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक म्हणून बोलावलं. तो गेला.

इथंच त्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी कल्पना सुचली. जी वाफ झाकण उचलू पाहते, तिच्याकडून काम का करून घेऊ नये? १६९० मध्ये त्यानं लेख छापला. अडीच इंच व्यासाची एक उभी नळी, तळाशी थोडं पाणी, त्यावर दट्ट्या. खालून तापवलं की वाफ दट्ट्या वर ढकलते. विस्तव काढला की वाफेचं पुन्हा पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा दट्ट्या दणकन खाली दाबते. या खेळण्याएवढ्या यंत्रानं ६० पौंड वजन उचललं. दट्ट्याच्या वाफेच्या इंजिनाची ही सुरुवात.

मोठं इंजिन बांधायचं तर पैसा हवा, कारागीर हवेत. दोन्ही कधी धड मिळाले नाहीत. शेवटी पापिननं पुन्हा लंडन गाठायचं ठरवलं. सप्टेंबर १७०७ मध्ये स्वतः बनवलेल्या चाकांच्या बोटीत कुटुंब आणि सामान घेऊन तो कासेलहून फुल्डा नदीत उतरला. ही वाफेची बोट होती असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण तिची चाकं माणसंच फिरवत होती. इंजिन त्याला पुढे बसवायचं होतं. म्युंडेन गावाला नदीवर तिथल्या नावाड्यांच्या संघाची मक्तेदारी होती. परवान्यासाठी त्याचा मित्र, थोर गणिती लाइबनिट्सनं शब्द टाकून पाहिला होता, पण परवाना आला नव्हता. नावाड्यांनी बोट अडवली आणि तोडून टाकली.

लंडनला तो पोचला खरा, पण वीस वर्षांत सगळं बदललं होतं. बॉइल गेला होता, रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदी न्यूटन बसला होता. पापिन बोट आणि इंजिनाचे प्रस्ताव देत राहिला, प्रयोगापुरते पैसे मागत राहिला. मिळाले नाहीत. जानेवारी १७१२ चं त्याचं पत्र हे शेवटचं. त्यात नव्या कल्पना नव्हे, पैशांची ओढाताण आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्येच, डडलीजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर थॉमस न्यूकमेनचं इंजिन पाणी उपसू लागलं. त्यातही दट्ट्या होता, वाफ होती, आणि दट्ट्याला खाली दाबणारी हवा होती.

डायजेस्टरचं पुढे काय झालं? १८७९ मध्ये, बरोब्बर दोनशे वर्षांनी, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ यानं ऑटोक्लेव्ह बनवला. ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करणारं हे यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत घरगुती कुकर बाजारात आले. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि कमी जळणात लवकर शिजणारं अन्न हळूहळू साध्या घरांच्या ओट्यावर आलं. पापिनला हवं होतं, ते हेच.

तो स्वतः कुठे आणि कसा गेला, हे खूप काळ कुणालाच माहीत नव्हतं. मग लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या जुन्या वहीत एक ओळ सापडली. २६ ऑगस्ट १७१३, दफन, नाव डेनिस पापिन. सहासष्टावा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता.